मथुरादासची सुट्टी आपल्याला का आठवत नाही?

गेल्या वर्षी मे महिन्यातली गोष्ट. पहलगामचा हल्ला होऊन गेला होता, ऑपरेशन सिंदूर सुरू झालं होतं. आमच्या गल्लीतला एक पोरगा फौजेत आहे. लग्न ठरवायला म्हणून महिन्याच्या सुट्टीवर आला होता. आठ दिवस झाले असतील-नसतील, फोन आला : परत या. दुसऱ्या दिवशी त्याला झेलममध्ये बसवून द्यायला आम्ही चार-पाच जण नगर स्टेशनवर गेलो. (नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच बसलंय, सांभाळून घ्या.)

त्याची आई पण आली होती. रडली नाही. "डबा वरच ठेवलाय, चटणी सांडू देऊ नको," एवढं एकच वाक्य तिनं तीनदा म्हटलं. गाडी हलली तशी पदर सारखा केला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "चला, दूध तापवायचं राहिलंय."

घरी आलो तर सगळीकडं टीव्ही सुरू. अँकर ओरडतायत. कुठलं तरी बंदर उद्ध्वस्त, कुठलं तरी शहर ताब्यात. दुसऱ्या दिवशी त्या बातम्या हवेत विरल्या, पण त्या रात्री आमच्या गल्लीत सगळ्यात मोठ्या आवाजात युद्ध ती लोकं लढत होती, ज्यांच्या घरातलं कोणीच फौजेत नव्हतं. जिच्या घरातला गेला होता ती बाई दूध तापवत होती.

त्या रात्री मला एकदम 'बॉर्डर'मधला मथुरादास आठवला.

आठवतोय का तुम्हाला? बहुतेकांना नाही आठवणार. 'बॉर्डर' म्हटलं की सनी देओल आठवतो, त्याचा आवाज आठवतो, ते पत्राचं गाणं आठवतं. मथुरादासचं काम सुदेश बेरीनं केलं होतं. त्याच्या बायकोला कॅन्सर आहे, घरी लेकरं आहेत, तो सुट्टी मागतोय. सुट्टी मंजूर होते आणि त्या माणसाला आनंद लपवता येत नाही. युद्ध तोंडावर आलंय, बाकीचे थांबलेत आणि हा खूश आहे. मेजर कुलदीपसिंग त्याला सगळ्यांसमोर झापतो. पुढं मथुरादास परत येतो, लढतो आणि मरतो.

१९९७ साली हा सिनेमा आला तेव्हा मी मामांबरोबर नगरच्या थेटरात पाहिला. आमचे मामा पारनेर तालुक्यातले, फौजेत ट्रक ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून पेन्शनवर आले. सनी देओलनं मथुरादासला झापलं तेव्हा थेटरात शिट्ट्या पडल्या. आम्ही पोरांनी पण मारल्या. मामा गप्प. बाहेर आल्यावर चहाच्या गाडीवर मी विचारलं, "मामा, कसा वाटला?"

मामा म्हणाले, "चांगला हाये. पण तो सुट्टीवाला खरा होता."

"तो तर घाबरट होता ना!"

"अरे येड्या, फौजेत सगळ्यात मोठा शब्द कोणता माहितीये का? सुट्टी. ती मंजूर झाली की माणूस असाच येडा होतो. त्या नटानं ते बरोबर धरलंय. बाकीचे बोलत होते, तो जगत होता."

मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. काही कळलं नाही. आता पन्नाशीकडं झुकताना कळतंय. त्या सिनेमात मथुरादासला लाज वाटायला लावलीय आणि प्रेक्षक म्हणून आपण त्या लाजेत सामील झालो. पण सुदेश बेरीच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मात्र त्या अख्ख्या सिनेमातली सगळ्यात खरी गोष्ट होती. त्याचं कौतुक कोणी केलं? फारसं कोणी नाही. आपण डायलॉग पाठ केले.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या युद्धपटांतली सगळ्यात चांगली कामं बऱ्याचदा मोठ्या आवाजाच्या नटांनी केलेली नाहीत. ती केलीत स्वयंपाक्यानं, दोन नंबरच्या ऑफिसरनं, फोन धरून बसलेल्या बापानं, कैद्यानं, आईनं. या कामांकडं आपलं लक्ष जात नाही, आणि मग खऱ्या आयुष्यातल्या त्याच माणसांकडं पण जात नाही. सिनेमा बघायची सवय आणि माणसं बघायची सवय वेगळी नसते.

'बॉर्डर'चंच घ्या. कुलभूषण खरबंदा त्यात हवालदार भागीराम आहे, कंपनीचा स्वयंपाकी. 'शान'मधला टकला शाकाल म्हणून ज्याला आपण ओळखतो तो हा नट इथं भांडी आणि चूल सांभाळतोय. लोंगेवालाची लढाई म्हटलं की आपल्याला रणगाडे आणि हंटर विमानं दिसतात. पण १९७१ च्या त्या डिसेंबरच्या रात्री वाळवंटात जे होते त्यांना जेवायला पण कोणीतरी घालत होतं ना? युद्धपटात स्वयंपाकी बहुतेक वेळा हसवायला ठेवलेला असतो. खरबंदांनी त्याला घरातल्या थोरल्या माणसाचं वजन दिलं. त्या भूमिकेवर कोणी दोन ओळी लिहिलेल्या मी तरी वाचल्या नाहीत.

आणि आपल्या जिल्ह्यानं तरी हे विसरू नये. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे फौजेत काय होते? ड्रायव्हर. १९६५ ला खेमकरणच्या भागात त्यांच्या ट्रकवर हल्ला झाला, बरोबरचे गेले, ते वाचले. अण्णांच्या पुढच्या राजकारणाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, त्यांचं पुढचं आयुष्य त्या ट्रकमधून सुरू झालं हे ते स्वतःच सांगत आलेत. आता मला सांगा, ट्रक ड्रायव्हरचं नीट काम असलेला हिंदी युद्धपट किती जणांना आठवतो? ट्रक दिसतो, धूळ दिसते, ड्रायव्हर दिसत नाही.

आता जरा पाण्याखाली जाऊ. 'द गाझी अटॅक', फेब्रुवारी २०१७. पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी १९७१ च्या डिसेंबरात विशाखापट्टणमजवळ बुडाली, त्यावर रचलेली गोष्ट. चर्चा झाली राणा दग्गुबातीची आणि के के मेननची, आणि दोघांनी काम चांगलंच केलंय. पण त्या पाणबुडीत तिसरा एक माणूस आहे, एक्झिक्युटिव्ह ऑफिसर देवराज. आपला अतुल कुलकर्णी. बेळगावात जन्मलेला, सोलापुरात वाढलेला.

देवराजची अडचण बघा. वरचा कॅप्टन आक्रमक आहे, त्याला हल्ला करायचाय. दुसरा अधिकारी खास त्याला आवरायला पाठवलेला आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मध्ये देवराज. त्याला कॅप्टनचा मान ठेवायचाय, नियम पण पाळायचाय, आणि खालच्या खलाशांना कळू द्यायचं नाही की वर काय चाललंय. हे सगळं अतुल कुलकर्णी संवादातून कमी आणि नजरेतून जास्त करतो. एकाचं ऐकताना त्याचा अर्धा कान दुसऱ्याकडं असतो. ज्यांनी कुठल्याही कचेरीत, कारखान्यात, शाळेत दोन नंबरच्या खुर्चीवर वर्षं काढलीत त्यांना हा माणूस लगेच ओळखू येईल. 'हे राम' आणि 'चांदनी बार'साठी या नटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेत, त्यामुळं त्याला कोणी ओळखत नाही असं मी म्हणणार नाही. पण 'गाझी'तल्या कामाचं नाव निघत नाही. का? कारण देवराज ओरडत नाही.

यापेक्षा मोठा अन्याय एका अख्ख्या सिनेमावर झाला. '१९७१' नावाचा सिनेमा मार्च २००७ मध्ये आला. अमृत सागरचं दिग्दर्शन, पटकथेत पियुष मिश्राचा हात. कधी आला, कधी गेला, कळलं पण नाही. पुढं त्याला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी लोकांनी बघितला नाही. कोरोनाच्या काळात यूट्यूबवर आला तेव्हा कुठं माणसं हळहळली, "अरे, हा कसा काय सुटला आपल्याकडून!"

गोष्ट १९७७ सालची. एकाहत्तरच्या युद्धात पकडलेले, पण ज्यांचं अस्तित्वच नाकारलं गेलंय असे सहा भारतीय कैदी पाकिस्तानातून पळायचा प्रयत्न करतात. मनोज वाजपेयी आहे, रवी किशन आहे. पण मला सांगायचंय ते बाकीच्या चौघांबद्दल : चित्तरंजन गिरी, कुमुद मिश्रा, मानव कौल, दीपक डोब्रियाल. आज यातले तिघं घराघरात माहीत आहेत, तेव्हा रस्त्यात भेटले असते तर कोणी मान वळवून पाहिलं नसतं. आणि चित्तरंजन गिरीला तर आजही लोक "अरे, हा कुठंतरी पाहिलाय" एवढंच म्हणतात. त्यानं अहमदचं काम केलंय. कमी बोलणारा, घराकडं डोळे लावून बसलेला साधा माणूस.

या सहा जणांनी वर्षानुवर्षं एकमेकांच्या अंगाला अंग लावून राहिलेल्या माणसांसारखं काम केलंय. एकमेकांचे विनोद पाठ झालेत, एकमेकांचा राग येतो, आणि तरीही एक उठला की दुसरा आपोआप उठतो. अशा कामात कोणा एकाला पुरस्कार देता येत नाही, म्हणूनच बहुतेक आपण ते विसरतो. शेवट सांगत नाही. पाहिला नसेल तर आज रात्री पाहा.

आणि हा नुसता सिनेमा नाही. १९७१ पासून बेपत्ता असलेल्या चोपन्न जणांची यादीच आहे. त्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं नाव आहे. त्यांची पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेती. नवरा बेपत्ता झाला तेव्हा लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पुढची सगळी हयात त्यांनी शोध घेण्यात घालवली. ही बाई जर पडद्यावर आली तर ते काम कोण करेल, आणि केलं तर आपण ते बघू का? त्यात स्फोट नाही, झेंडा फडकावणं नाही. नुसती वाट बघणं आहे. वाट बघण्याचा अभिनय हा जगातला सगळ्यात अवघड अभिनय असावा, कारण त्यात करायला काहीच नसतं.

वाट बघण्याचं चांगलं काम आपल्या सिनेमात झालेलंच नाही असं नाही. 'लक्ष्य' (२००४) मध्ये शेवटच्या मोहिमेला निघण्याआधी हृतिक घरी फोन करतो. वडील म्हणजे बोमन इराणी. पोराशी त्यांचं पटत नव्हतं, पोरगा फौजेत टिकेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या फोनवर दोन बाजू आहेत. आपण हृतिककडं बघतो. एकदा परत लावा आणि फक्त बोमनकडं बघा. बापाला कळलंय की पोरगा फोन का करतोय, आणि कळलंय हे पोराला कळू द्यायचं नाही. स्टेशनवर "चटणी सांडू देऊ नको" म्हणणाऱ्या बाईत आणि या बापात मला काही फरक दिसला नाही.

'प्रहार' (१९९१) मधलं पण असंच. नाना पाटेकरांनी त्या सिनेमासाठी बेळगावात जवानांबरोबर खरंखुरं ट्रेनिंग घेतलं, ते सगळ्यांना माहितीये. नानांचा मेजर चव्हाण आपल्या डोक्यात कोरला गेलाय. पण ज्याच्यासाठी मेजर चव्हाण मुंबईत येतो तो पीटर डिसोझा, म्हणजे गौतम जोगळेकर, आणि पीटरचा बेकरीवाला बाप, म्हणजे हबीब तन्वीर, हे आठवतात का? पीटर कमांडो आहे, ओलिसांना सोडवताना अपंग होतो, आणि तिथं वाचलेला हा पोरगा आपल्याच गल्लीत गुंडांच्या हातून मरतो. हबीब तन्वीर म्हणजे 'चरणदास चोर' करणारा, नाटकातला बाप माणूस. पोर गेलेल्या म्हाताऱ्याचं काम करताना त्यांनी एक पण जागा भडक होऊ दिली नाही. नानांच्या आगीपुढं ते दिसलं नाही, एवढंच.

आणि 'उरी' (२०१९). विकी कौशलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, योग्यच मिळाला. "जोश" विचारून विचारून तर आपण लग्नाच्या वरातीत पण तो वापरून झिजवला. पण घरात विसरभोळी होत चाललेली आई स्वरूप संपतनं केलीय, आणि संरक्षणमंत्री केलेत आपल्या योगेश सोमणांनी. पर्रीकरांची आठवण यावी असा चेहरा, पण नक्कल नाही. नकलेला टाळ्या पडतात. नक्कल टाळायला हिंमत लागते.

हे काही आजचं नाही. १९४६ साली शांतारामबापूंनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' केला. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, १९३८ ला चीनमध्ये गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते, जखमी सैनिकांची सेवा करत १९४२ ला तिथंच वारले. म्हणजे मराठी माणसावरचा हा युद्धपटच, आणि तोही बंदूक न उचलणाऱ्या माणसावरचा. शांताराम आणि जयश्री सगळ्यांना आठवतात. पण त्यात चिनी सेनापती झाले होते बाबूराव पेंढारकर, आणि कोटणिसांचे वडील झाले होते केशवराव दाते. पोराला परक्या देशाच्या लढाईत पाठवणारा बाप. बोमन इराणीच्या अठ्ठावन्न वर्षं आधी.

आता आपल्या मराठीकडं येऊ. सध्या आपल्याकडं युद्धपट म्हणजे शिवकालीन सिनेमे. दिग्पाल लांजेकरांचा 'पावनखिंड' (२०२२) तुम्ही पाहिला असेल. थेटरात अंगावर काटा आलेला मला पण आठवतोय. अजय पुरकरांचे बाजीप्रभू, चिन्मय मांडलेकरांचे महाराज, यांच्याबद्दल भरपूर लिहून आलं. पण त्यात अजिंक्य ननावरेनं शिवा काशीद केलाय.

शिवा काशीद कोण? पन्हाळ्याजवळच्या नेबापूरचा नाभिक समाजातला माणूस. जुलै १६६० ची ती पावसाळी रात्र. महाराज एका पालखीतून विशाळगडाकडं निघाले, आणि महाराजांचा वेष घेऊन दुसऱ्या पालखीत शिवा बसला. पकडला जाणार हे माहीत होतं. पकडल्यावर काय होणार ते पण माहीत होतं.

थोडं थांबून विचार करा. शिवा काशीदनं त्या रात्री केलं काय? अभिनय केला. राजासारखं बसायचं, राजासारखं बघायचं, जितका जास्त वेळ जमेल तितका वेळ शत्रूला खरं वाटू द्यायचं. आपल्या इतिहासातला सगळ्यात महागडा अभिनय. त्याला प्रेक्षक होते सिद्दी जौहरचे सैनिक, आणि प्रयोग संपला की मरण. ननावरेला पडद्यावर दुहेरी काम होतं : महाराज झालेला साधा माणूस दाखवायचा. नुसते महाराज दाखवले तर शिवा हरवतो, नुसता शिवा दाखवला तर सिद्दी फसला कसा हे पटत नाही. त्यानं ती तार बरीच सांभाळली. पण थेटरातून बाहेर पडताना आपण खिंड घेऊन बाहेर पडलो. पालखी तिथंच राहिली.

आता नगरकरांनो, खास आपल्यासाठी. या जानेवारीत श्रीराम राघवनचा 'इक्कीस' आला. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, पूना हॉर्स, १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई, वय २१, परमवीर चक्र. आपल्यातल्या किती जणांना माहितीये की युद्ध लागलं तेव्हा हा पोरगा आपल्या नगरात होता? आर्मर्ड कोअरच्या स्कूलमध्ये नव्या अधिकाऱ्यांचा कोर्स करत होता. कोर्स अर्धा सोडून त्याला परत बोलावलं. आणि ज्या रणगाड्यात तो गेला तो 'फामागुस्ता' पण नंतर आपल्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जतन केला गेला. टँक म्युझियममध्ये पाव्हणे आले की आपण त्यांना पॅटन दाखवतो, पोरं रणगाड्यापुढं सेल्फी काढतात, बाहेर येऊन भेळ खातो. ही गोष्ट आपण आपल्या पोरांना सांगतो का?

'इक्कीस'ची चर्चा धर्मेंद्रच्या शेवटच्या सिनेमापैकी एक म्हणून झाली, ते साहजिक आहे. १९६४ च्या 'हकीकत'मध्ये जो तरुण कॅप्टन होता तो इथं शहीद मुलाचा म्हातारा बाप आहे. पण त्याच्यासमोर बसलाय जयदीप अहलावत, पाकिस्तानी ब्रिगेडियर. खऱ्या आयुष्यात घडलं ते असं : २००१ साली ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल आपलं जन्मगाव बघायला सरगोध्याकडं गेले, आणि ज्या पाकिस्तानी अधिकाऱ्यानं त्यांचा पाहुणचार केला त्यानंच शेवटी सांगितलं की तुमच्या मुलाचा रणगाडा माझ्या हातून गेला. हे काम करायचं म्हणजे काय? शत्रूचं काम, पण खलनायकाचं नाही. तीन दिवस घरात पाहुणा आहे, त्याला जेवायला वाढायचंय, आणि घशात एक वाक्य अडकलंय. अहलावतनं ते वाक्य बराच वेळ आपल्यापुढं नुसतं चेहऱ्यावर फिरवत ठेवलंय. आपल्याकडं पाकिस्तानी अधिकारी म्हणजे डोळे मोठे करून हसणारा माणूस, अशी सवय लागलेल्या प्रेक्षकाला हे काम दिसायला जरा वेळ लागतो. द्या तेवढा वेळ.

आता काही जण म्हणतील, "सर, सिनेमा आहे, करमणूक आहे. जवानांचं शौर्य दाखवायचं नाही का?" दाखवायचं की! मी सनी देओलच्या विरोधात नाही, शिट्ट्या मी पण मारल्यात. पण ज्याला भीतीच वाटत नाही त्याचं शौर्य ते कसलं? ज्याला घरी जायचंय आणि तरी तो थांबतो, तो शूर. मथुरादासचा आनंद खोटा वाटला तर त्याचं परत येणं पण खोटं वाटेल. दुसरं, कोणी म्हणेल की अशा छोट्या कामांना आपल्याकडं सहायक अभिनेत्याचा पुरस्कार आहेच. आहे, पण तो पण बऱ्याचदा दुसऱ्या नंबरच्या मोठ्या आवाजाला जातो.

मला काळजी पोरांची आहे. पहाटे पाचला आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर जा. पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डी, कुठंही. पोरं भरतीसाठी पळताना दिसतील. आता अग्निवीर आहे, चार वर्षांचं गणित आहे, तरी पळतायत. त्यांच्या मोबाइलवर स्टेटसला कोण असतं? ओरडणारा हीरो. ही पोरं भरती होतील तेव्हा त्यांच्या वाट्याला काय येणार? पहारा, थंडी, लंगर, ट्रक, वाट बघणं, सुट्टीचा अर्ज. त्यांना कोणी आधी सांगितलंय का की हे सगळं पण शौर्यच आहे? सुट्टीचा अर्ज करताना लाजायचं कारण नाही म्हणून?

दुसरी काळजी आपल्या नाटकवाल्या पोरांची. नगरच्या एकांकिका स्पर्धांत आपली पोरं जीव तोडून काम करतात, मग मुंबईला जातात, आणि वर्षभरानं फोन येतो, "दादा, वेब सिरीजमध्ये काम मिळालंय, शिपाई नंबर तीन." त्यांना माझं सांगणं आहे : शिपाई नंबर तीन असंच कर की मामांसारखा एखादा म्हातारा फौजी चहाच्या गाडीवर म्हणेल, "तो खरा होता." त्याच्याएवढा मोठा पुरस्कार कुठला देणार आहेत? ज्या शहरानं सदाशिव अमरापूरकर दिले तिथल्या पोरांना हे मी वेगळं सांगायला नको.

माझी एक साधी सूचना आहे. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला गावोगावी प्रोजेक्टर लावून सिनेमा दाखवतात. दरवेळी तेच दोन-तीन. यंदा एखाद्या गावानं '१९७१' लावून बघावा. 'गाझी' लावून बघावा. आणि सिनेमा संपल्यावर भाषण पुढाऱ्याचं नको. गावातल्या एखाद्या माजी सैनिकाला विचारा, "यातला कोण खरा वाटला?" आणि त्याच्या घरच्या बाईला पण विचारा. तिला कधी कोणी विचारलेलंच नसतं. खर्च काही नाही, फक्त माइक तिच्या हातात द्यायचा.

आमच्या गल्लीतला तो पोरगा दिवाळीत आला. लग्न ठरलं. त्याच्या आईला मी सहज म्हणालो, "काकू, त्या दिवशी स्टेशनवर तुम्ही रडला नाहीत." त्या म्हणाल्या, "मी रडले असते तर त्याला रस्ताभर तेच दिसलं असतं ना. घरी येऊन रडले मी. दूध उतू गेलं पार."

मला त्या दिवशी वाटलं होतं, ही बाई धीराची आहे. ती धीराची होतीच. पण तिनं स्टेशनवर केलं होतं ते कामच होतं, पोरासाठी केलेलं, आणि मी समोर उभा राहून सुद्धा ते मला दिसलं नव्हतं.

तुमच्या लक्षात राहिलेलं असं एखादं काम आहे का, ज्याचं कोणी नाव काढत नाही? सिनेमातलं असो, नाहीतर घरातलं. खाली लिहा. मामा आता नाहीत, पण त्यांच्या वतीनं मी सगळं वाचणार आहे.